पूर आला तर पाणी-धान्य किती दिवस पुरेल? कोल्हापूरसाठी पुरवठ्याचं गणित, पायरीपायरीने

२०१९ च्या ऑगस्टमध्ये राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली, २०२१ च्या जुलैत ५६ च्याही वर. तिथली इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३. दोन्ही वेळी शिरोलीजवळ महामार्गावर पाणी आलं, नदीकाठची उपसा केंद्रं बुडाली आणि गच्चीवरून चहूकडे पाणी दिसत असताना नळ मात्र कोरडे राहिले. धान्य जिल्ह्यात होतं, दूध गावोगावी निघत होतं, भाजीच्या गाड्या रस्त्यावर उभ्या होत्या. नेमक्या वेळी ते नदीच्या नको त्या अंगाला होतं.

पुरवठ्याच्या गणिताचा गाभा एवढाच आहे. एकूण माल किती, हा दुय्यम प्रश्न. माल कुठे अडतो, कधी अडतो आणि अडण्याआधी किती तास हातात आहेत, हे आधी काढायचं. त्यासाठी महासंगणक लागत नाही. एक स्प्रेडशीट, चार-पाच समीकरणं आणि आकड्यांच्या बाबतीत थोडा खडूसपणा पुरतो. पुढची रीत प्रभागाच्या पातळीवर काम करणाऱ्या कुणालाही जमेल: विभागीय कार्यालय, तालीम मंडळ, निवारा केंद्र, किराणा व्यापाऱ्यांची संघटना. उदाहरणांतले आकडे जिथे नमुन्याचे आहेत तिथे तसं म्हटलं आहे. ते खोडून आपले घालावेत.

आधी निर्णय, मग मॉडेल

बहुतेक मॉडेल फसतात, कारण ती 'परिस्थितीचं चित्र' काढायला बसतात. चित्र कुणाला नको असतं. कागदावर आधी तीन निर्णय लिहा: मागणी कधी नोंदवायची, किती नोंदवायची, आणि कमी पडलं तर आधी कुणाला द्यायचं. प्रत्येकापुढे तो निर्णय कोण घेणार आणि किती वाजता घेणार, तेही लिहा. मग शीटमधल्या प्रत्येक रकान्याला विचारा, की हा आकडा दुप्पट झाला तर यातला एखादा निर्णय बदलतो का? बदलत नसेल तर रकाना काढून टाका. चाळीस रकान्यांची शीट पहिल्या दिवशी भरली जाते, दुसऱ्या दिवशी निम्मी, तिसऱ्या दिवशी ती उघडायला कुणाकडे वेळ नसतो.

शहराचे तुकडे करा

प्रभागांच्या सरकारी हद्दी इथे कामाच्या नाहीत. पाणी चढल्यावर शहराचे जे तुकडे पडतात ते घ्या. एका तुकड्यातून दुसऱ्यात ट्रक जाऊ शकत असेल तर तो एकच तुकडा. दुधाळी, शुक्रवार पेठ, शाहूपुरीचा सखल भाग, कसबा बावडा, शिवाजी पेठेचा उंच भाग, राजारामपुरी यांची वागणूक पुरात सारखी नसते. आठ ते बारा तुकडे पुरेत.

मग रस्त्यांचा तक्ता करा. एका ओळीत एक रस्ता: कुठून कुठे, किती मिनिटं, दहा टनी गाडी जाते का, आणि सगळ्यात महत्त्वाचं, राजाराम बंधाऱ्यावर किती पातळीला हा रस्ता बंद होतो. हा शेवटचा आकडा कुठल्याही नकाशात मिळत नाही. तो जुन्या नोंदवह्यांत, वाहतूक पोलिसांच्या डायरीत आणि त्या त्या रस्त्यावरच्या दुकानदाराच्या डोक्यात असतो. 'रेडेडोह फुटला' म्हटलं की पन्हाळ्याकडचा रस्ता गेला, हे जुन्या माणसांना सांगावं लागत नाही. हेच ज्ञान फूट-इंचात उतरवायचं आहे. महामार्ग, गगनबावडा, रत्नागिरी, राधानगरी, शिये-बावडा, सगळ्यांची स्वतंत्र ओळ हवी. दक्षिणेचा रस्ता 'चालू' धरताना जपून. कागल-निपाणीकडून येणारा माल वेदगंगेवर यमगर्णीजवळ अडू शकतो, आणि ती नदी आपल्या राजाराम बंधाऱ्याच्या पट्टीवर (पातळी मोजायच्या मोजपट्टीवर) चालत नाही. तिला वेगळी पट्टी, वेगळा रकाना.

प्रत्येक गोदाम, भरणा केंद्र, गिरणी, पेट्रोल पंप कुठल्या तुकड्यात आहे ते लिहा. इथेच पहिला धक्का बसतो: एखाद्या तुकड्यात माणसं बारा हजार आणि धान्याचं गोदाम एकही नाही.

पट्टीवरचे फूट आणि इंच

इथे एक बारीक चूक हमखास होते आणि ती अख्खं मॉडेल उलटं करते. पातळी फूट-इंचात कळते: ४३ फूट ७ इंच. शीटमध्ये घाईत ४३.७ टाकलं जातं. खरी किंमत ४३ अधिक ७ भागिले १२, म्हणजे ४३.५८. इथवर फरक किरकोळ वाटतो. पण चार तासांनी पातळी ४३ फूट १० इंच होते आणि कुणीतरी ४३.१० टाकतो. शीटला वाटतं, पाणी उतरलं! म्हणून फूट आणि इंच दोन वेगळ्या रकान्यांत घ्या, इंचाच्या रकान्याला ० ते ११ ची मर्यादा घाला, आणि दशांश शीटलाच काढू द्या.

मग चढण्याचा वेग. गेल्या सहा तासांतला फरक भागिले सहा, एवढं पुरतं. ३९ पासून ४३ पर्यंत ४८ इंच. तासाला २ इंच चढत असेल तर २४ तास हातात, ३ इंच असेल तर १६. रस्त्यांच्या तक्त्यातली बंद पातळी वजा आताची पातळी, भागिले वेग, की प्रत्येक रस्त्यापुढे 'उरलेले तास' येतात. सगळ्यांच्या नजरा ज्यावर खिळतील तो रकाना हाच.

राधानगरी धरणाच्या सात स्वयंचलित दारांतून प्रत्येकी १४२८ क्युसेक (सेकंदाला घनफूट) पाणी सुटतं; सातही उघडली तर सुमारे दहा हजार. बातमी आली की शहर दचकतं. पण पंचगंगेत कासारी, कुंभी, तुळशीही येतात, आणि त्यांच्या खोऱ्यातला पाऊस दार वाजवून येत नाही. म्हणून दारांच्या संख्येवरून थेट पातळी काढू नये. जुन्या नोंदींतून दार उघडल्याची वेळ आणि पट्टीवर वेग वाढल्याची वेळ यांतलं अंतर काढा, तीन-चार प्रसंगांचं. अंतर दर वेळी वेगळं येईल. त्यातलं सगळ्यात लहान धरा.

साठ्याचा ताळेबंद

समीकरण किराणा दुकानदाराला पाठ असतं (उठाव म्हणजे उचलला गेलेला, खपलेला माल):

आजची शिल्लक = कालची शिल्लक + आवक − उठाव − नासाडी

पुरेल दिवस = शिल्लक ÷ रोजचा उठाव

हे प्रत्येक तुकड्यासाठी, प्रत्येक मालासाठी वेगळं. माल फार नकोत: तांदूळ, गहू किंवा आटा, डाळ, तेल, मीठ, दूध भुकटी, बाळाचं दूध, गॅस सिलिंडर, डिझेल, ब्लिचिंग पावडर. औषधांची शीट वेगळी ठेवावी, ती वेगळ्या माणसांनी भरावी.

डिझेल हा शेवटी आठवणारा माल. टँकर, जनरेटर, दुधाची शीतगृहं, मोबाईल टॉवर, बोटी, सगळे एकाच टाकीतून पितात. प्रत्येक विभागाने आपापलं डिझेल 'आहे' म्हणून धरलं तर तेच दोन हजार लिटर चार शीटमध्ये मोजलं जातं. सामायिक मालाला एकच ओळ हवी आणि सगळ्यांचा उठाव त्याच ओळीतून वजा व्हायला हवा.

मागणी कधी नोंदवायची याचं नेहमीचं सूत्र: रोजचा उठाव गुणिले माल पोचायला लागणारे दिवस, अधिक थोडी राखीव. शिल्लक या आकड्यावर आली की ऑर्डर. पुरात हे मोडतं, कारण रस्ता बंद झाल्यावर माल पोचायला लागणारे दिवस मोजताच येत नाहीत. तेव्हा सूत्र असं फिरवा: रस्ता बंद होण्याच्या क्षणी हातात हवा असलेला साठा = रोजचा उठाव × (बंद राहण्याचे दिवस + उघडल्यावर पहिली गाडी रिकामी होईपर्यंतचे दिवस). १२,००० वस्तीचा तुकडा, माणशी दिवसाला पाव किलो तांदूळ धरला तर उठाव ३,००० किलो. आठ दिवस बंद आणि दोन दिवस पोचायला, म्हणजे ३०,००० किलो. यातला किती लोकांच्या डब्यात आहे आणि किती दुकानात, हा पुढचा प्रश्न.

तो सरासरीने सोडवू नका. 'घरटी सरासरी सहा दिवसांचं धान्य' हा आकडा दिसायला छान. त्यात महिन्याचं भरून ठेवणारे बंगलेवालेही आले आणि रोजच्या मजुरीतून रोजचं पीठ आणणारेही. शिवाय ज्यांच्या घरात पाणी शिरलं त्यांचा डबा शून्य झाला. किमान तीन गट करा: महिन्याचं भरणारे, आठवड्याचं भरणारे, रोजचं आणणारे. रेशनवरच्या कार्डांची संख्या इथे कामी येते. प्राधान्य कुटुंबाला माणशी महिना ५ किलो, अंत्योदय कार्डाला ३५ किलो. पूर महिन्याच्या कुठल्या तारखेला येतो यावर या घरांतली शिल्लक ठरते. वाटप व्हायच्या आधी पाणी चढलं तर डबे तळाला गेलेले असतात.

घबराटीच्या खरेदीबद्दल. इशारा पातळी ओलांडली की दुकानांपुढे रांगा लागतात आणि उठाव एका दिवसात दुप्पट होतो. नवखा माणूस दुप्पट उठाव पुढच्या आठही दिवसांना लावतो आणि हबकून जातो. लोक जास्त खात नसतात, पुढच्या आठवड्याची खरेदी आज करतात. म्हणून पहिले दोन दिवस उठाव १.८ पट धरला तर तेवढीच वाढ पुढच्या दिवसांतून वजा करा. धोका दुसऱ्या जागी आहे: पहिल्या दोन दिवसांत ज्यांच्याकडे रोख पैसे आहेत तेच घेऊन जातात, आणि रोजचं आणणाऱ्या गटासाठी दुकान रिकामं होतं. त्यावर उपाय म्हणजे माणशी मर्यादा, जास्तीचा माल मागवणं नव्हे.

दुधाला ताळेबंद लागू होत नाही. ते थांबत नाही. तिथे गणित वाटेचं. संकलनाची कुठली वाट किती फुटाला तुटते, तिला पर्यायी वाट किती मिनिटांची, आणि तेवढ्या वेळात दूध टिकतं का. उत्तर नाही आलं तर त्या तुकड्यापुरती भुकटी. एक किलोपासून साधारण आठ लिटर दूध होतं, पण त्याला स्वच्छ पाणी लागतं, ते पाण्याच्या हिशोबात धरायला विसरू नका.

निवारा केंद्राचा शिधा

माणशी दिवसाला २१०० कॅलरी हा आपत्तीतला सर्वमान्य किमान आकडा. धान्य ४०० ग्रॅम, डाळ ८०, तेल ३०, गूळ ४० ग्रॅम, एवढ्याने साधारण तो गाठला जातो. गूळ आपल्याकडे मुबलक, टिकाऊ, शिजवावा न लागणारा; बिस्किटांपेक्षा केव्हाही बरा. ५०० माणसांना दिवसाला धान्य २०० किलो, डाळ ४०, तेल १५, गूळ २०. आठ दिवसांसाठी १६०० किलो, ३२०, १२० आणि १६०. गॅस किती लागेल हे पुस्तकातून काढू नका. पहिल्या दिवशी स्वयंपाकाआधी आणि नंतर सिलिंडर वजनकाट्यावर ठेवा.

किती दिवसांची तयारी ठेवायची, याला एक जुनं आणि फार उपयोगी गुणोत्तर आहे: उणे पडल्याचं नुकसान ÷ (उणे पडल्याचं नुकसान + उरल्याचं नुकसान). तांदूळ उरला तर पुढे खपतो. साठवण-हाताळणीचे किलोला २ रुपये गेले असं धरू. कमी पडला तर लांबच्या वाटेने आणण्याचा जादा भुर्दंड ३८ रुपये. ३८ ÷ ४० = ०.९५. म्हणजे रस्ते बंद राहण्याच्या २० संभाव्य प्रसंगांपैकी १९ मध्ये पुरेल इतका तांदूळ ठेवा. पालेभाजी उरली तर २० रुपये मातीत, कमी पडली तर २० रुपयांची अडचण: गुणोत्तर ०.५. तिची तयारी मधल्या प्रसंगापुरतीच. प्रत्येक गोष्ट 'आठ दिवसांची ठेवा' म्हणणाऱ्याला हे गुणोत्तर दाखवावं. बाळाच्या दुधाला मात्र ते लावू नये. तिथे उणे पडल्याची किंमत रुपयांत लिहिताच येत नाही. ते पूर्ण ठेवायचं.

पाणी: टँकरचं खरं गणित

२०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या ५,४९,२३६. नेहमीच्या १३५ लिटर मापाने रोजची गरज साधारण ७४ एमएलडी; एक एमएलडी म्हणजे दिवसाला दहा लाख लिटर. आपत्तीतलं किमान माप माणशी १५ लिटर, त्यातलं पिण्या-शिजवण्याचं आधी. १५ लिटरने गरज उतरते सुमारे ८२ लाख ४० हजार लिटरवर. दहा हजार लिटरचा टँकर धरला तर ८२४ खेपा. एक टँकर दिवसात पाच खेपा करत असेल तर १६५ टँकर.

म्हणजे अख्खं शहर टँकरवर काढता येत नाही. हे पुराच्या दुसऱ्या दिवशी कळण्यापेक्षा मे महिन्यात कळलेलं बरं. उत्तर मिश्रच असणार: जो भाग नळाने चालू ठेवता येईल तो नळाने, बोअर आणि विहिरी वापरायच्या पाण्याला, टँकर फक्त उरलेल्या तुकड्यांना आणि दवाखान्यांना.

आता टँकरच्या फेरीकडे जवळून पाहू, कारण सगळ्यात जास्त वेळ इथे वाया जातो. भरणा केंद्रावर एक नळी, सेकंदाला १० लिटर. दहा हजार लिटर भरायला १६ मिनिटं ४० सेकंद. गाडी लावणं, नळी जोडणं, सोडणं धरून २० मिनिटं. म्हणजे तासाला तीन, सोळा तासांत ४८ खेपा. टँकर दहा आणा नाहीतर चाळीस, या नळीतून ४९ वी खेप निघणार नाही.

पुढे जायला २० मिनिटं, यायला २०. गल्लीत उभं राहून चार तोट्यांवर घागरी भरल्या तर? पंधरा लिटरची घागर, माणूस बदलण्यासकट अर्धा मिनिट. चार तोट्या मिळून मिनिटाला आठ घागरी, म्हणजे १२० लिटर. टँकर रिकामा व्हायला ८३ मिनिटं. पूर्ण फेरी १४३ मिनिटांची. नळी सतत चालू ठेवायची तर १४३ ÷ २०, म्हणजे सातच्या थोडं वर: आठ टँकर हवेत.

हाच टँकर चौकात ठेवलेल्या दोन पाच-पाच हजारांच्या टाक्यांत पंधरा मिनिटांत ओतला तर फेरी ७५ मिनिटांची होते. चार टँकरमध्ये तेवढ्याच ४८ खेपा. चार टँकर मोकळे झाले, लोक आपल्या वेळेने पाणी नेतात आणि गल्लीतली भांडणं कमी होतात. टँकर भाड्याने मिळवण्यात जो वेळ आणि ओळखी खर्च होतात, त्याच्या निम्म्याने टाक्या आणि दुसरी भरणा नळी मिळते. तरीही दर वेळी मागणी टँकरचीच होते, कारण टँकर दिसतो.

शीटमध्ये दोन आकडे शेजारी ठेवा: नळीची क्षमता (कामाची मिनिटं ÷ भरण्याची मिनिटं) आणि टँकरांची क्षमता (टँकर × कामाची मिनिटं ÷ फेरी). दोनपैकी लहान आकडा म्हणजे त्या दिवसाच्या खेपा. नळीचा आकडा लहान असेल तर टँकर वाढवू नका.

जाता जाता क्लोरीन. लिटरला २ मिलिग्रॅम मात्रा धरली तर दहा हजार लिटरला २० ग्रॅम क्लोरीन. पावडरमध्ये २५ टक्के क्लोरीन असेल तर ८० ग्रॅम पावडर. ८२४ खेपांना रोज साधारण ६६ किलो. पण उघड्या, दमट पोत्यातली पावडर महिन्यांत उतरते; १० टक्क्यांवर आलेली असेल तर तेच २०० ग्रॅम लागतील. मात्रा पोत्यावरच्या छापील आकड्यावरून ठरवू नये. टाकल्यावर अर्धा तास थांबा आणि शेवटच्या तोटीवर तपासा: किमान ०.२ मिलिग्रॅम, आपत्तीत ०.५ असलेलं चांगलं. पाणी गढूळ असेल तर आधी तुरटी. गाळात क्लोरीन खर्ची पडतं आणि जंतू तसेच राहतात.

कुठून कुणाला: 'जवळचं आधी' का फसतं

समजा पुईखडी आणि कळंबा ही दोन भरणा केंद्रं आहेत. पुईखडीहून ४८ खेपा आणि कळंब्याहून ३० निघू शकतात. गरज शिवाजी पेठेत ३०, शाहूपुरीत २८, राजारामपुरीत २०. जाण्या-येण्याची मिनिटं (नमुन्याची):

| | शिवाजी पेठ | शाहूपुरी | राजारामपुरी |
|---|---|---|---|
| पुईखडी | ३० | ५० | ४५ |
| कळंबा | २८ | ५२ | ३० |

सगळ्यात छोटा आकडा २८. म्हणून कळंब्याच्या तिसाच्या तीस खेपा शिवाजी पेठेला. मग पुईखडीने शाहूपुरी २८ आणि राजारामपुरी २०. बेरीज: ८४० + १४०० + ९०० = ३१४० मिनिटं. प्रत्येक पाऊल शहाणपणाचं दिसतं.

आता कळंब्याहून राजारामपुरीला २० आणि शिवाजी पेठेला फक्त १० पाठवा. शिवाजी पेठेच्या उरलेल्या २० आणि शाहूपुरीच्या २८ पुईखडीवर. बेरीज: ६०० + २८० + ६०० + १४०० = २८८० मिनिटं. २६० मिनिटं वाचली. दोन मिनिटं वाचवायला कळंब्याचं पाणी शिवाजी पेठेत खपवलं, म्हणून राजारामपुरीला खेपेमागे पंधरा मिनिटं जास्त पडत होती. पाहायचं ते दोन केंद्रांतला फरक: कुठल्या वस्तीला केंद्र बदलल्याने सगळ्यात जास्त भुर्दंड पडतो, तिला आधी तिचं केंद्र.

दोन केंद्रं, तीन वस्त्या असतील तर हे बोटावर सुटतं. पाच केंद्रं, बारा तुकडे झाले की स्प्रेडशीटमधला सॉल्व्हर (बंधनं पाळून सगळ्यात चांगलं उत्तर शोधणारी सोय) वापरा. एक्सेलमध्ये आहे, लिब्रेऑफिसमध्ये फुकट आहे. पद्धत १९४७ मध्ये जॉर्ज डँट्झिग यांनी दिलेली सिम्प्लेक्स. बदलायच्या पेशी (शीटमधले चौकोन) म्हणजे प्रत्येक जोडीच्या खेपा. कमी करायची पेशी म्हणजे एकूण मिनिटं. बंधनं: केंद्रातून निघालेल्या खेपा क्षमतेइतक्या किंवा कमी, वस्तीला मिळालेल्या गरजेइतक्या, सगळ्या शून्य किंवा जास्त, सगळ्या पूर्णांक. 'शून्य किंवा जास्त' विसरलात तर सॉल्व्हर आनंदाने एखाद्या वस्तीतून उणे बारा खेपा परत आणतो.

खऱ्या पुरात गरज क्षमतेपेक्षा जास्त असते आणि सॉल्व्हर 'उत्तर नाही' म्हणून हात वर करतो. त्यासाठी प्रत्येक वस्तीपुढे 'तूट' नावाची आणखी एक पेशी द्या: मिळालेलं अधिक तूट बरोबर गरज. तुटीला खेपेमागे १००० मिनिटांचा दंड लावा. मग उत्तर नेहमी मिळतं, आणि कुणाला किती कमी पडणार हे आदल्या रात्री कळतं.

मात्र एकूण मिनिटं कमी करायला सांगितलं की गणित लांबच्या, छोट्या, अवघड वस्तीला उपाशी ठेवतं. त्यात त्याचा दुष्टावा नाही, तुम्ही तेच मागितलं होतंत. म्हणून आधी प्रत्येक तुकड्याला माणशी ५ लिटर हे न मोडणारं बंधन घाला, मग उरलेल्यावर मिनिटं वाचवा. हा निर्णय गणिताचा नाही. तो बैठकीत घ्यायचा आणि शीटच्या वर सहीनिशी लिहायचा.

नळाचं जाळं आणि पंप

जाळ्यातला प्रवाह आणि दाब मोजायला ईपानेट हे मोफत सॉफ्टवेअर पुरेसं आहे. २०२० मध्ये आलेल्या २.२ आवृत्तीपासून त्यात दाबावर अवलंबून पुरवठा मोजता येतो. जुन्या पद्धतीत तुटपुंजं पाणी असतानाही सगळ्यांना पूर्ण मागणी मिळाल्याचं धरून दाब उणे दाखवला जायचा. कुठला व्हॉल्व्ह बंद केला तर उरलेल्या पाण्यात कुठली टाकी भरते, एवढंच त्याला विचारा. नकाशात उघडा दिसणारा व्हॉल्व्ह जमिनीत वर्षानुवर्षं अडकलेला असू शकतो, तेव्हा चावीवाल्यांना शेजारी बसवूनच मॉडेल भरा.

२०२३ च्या दिवाळीपासून काळम्मावाडी धरणाचं पाणी सुमारे ५३ किलोमीटरच्या थेट पाईपलाईनने पुईखडीला येतं. नदीकाठचा पंप बुडाल्याने शहर कोरडं पडण्याची भीती त्याने कमी झाली, पण वाहिनी एकच आहे आणि धरणावरचा उपसा विजेवर आहे. म्हणून तीन प्रसंग वेगळे चालवून पाहा: नदी बंद-वाहिनी चालू, वाहिनी बंद-नदी चालू, दोन्ही बंद. तिसऱ्यात किती दिवस निघतात तो आकडा बाकी सगळ्या शीटचा पाया.

बुडालेला पंप पाणी ओसरल्याबरोबर चालू होत नाही. गाळ काढणं, मोटर उतरवणं, सुकवणं, मेगर या उपकरणाने इन्सुलेशन तपासणं, पॅनेल तपासणं, मग एकेक पंप. ही कामं एकामागून एक होतात, म्हणून त्यांच्या तासांची बेरीज करा. 'पाणी उतरलं की पुरवठा सुरू' असं धरलेली शीट किमान काही दिवसांनी चुकते. त्यानंतरही रिकाम्या पडलेल्या वाहिन्यांत बाहेरचं घाण पाणी ओढलं गेलेलं असतं. पहिलं पाणी सोडून द्यायचं, तेही हिशोबात.

शीट तपासायची कशी

२०१९ आणि २०२१ च्या पातळीच्या नोंदी तासातासाने भरून शीट चालवा आणि तिने रस्ते कधी बंद दाखवले ते प्रत्यक्षाशी ताडा. मग एकेक आकडा वीस टक्क्यांनी हलवा. ज्याने निर्णय बदलतो तो आकडा पुन्हा मोजायला माणूस पाठवा. बाकीचे तसेच राहू द्या. रोज संध्याकाळी शीटमधली शिल्लक आणि गोदामातली मोजलेली शिल्लक शेजारी मांडा. 'पाठवलं' आणि 'पोचलं' हे दोन वेगळे रकाने असलेच पाहिजेत. टँकरचालकाच्या चिठ्ठीवर दहा हजार लिहिलेलं असतं, टाकीत साडेआठ पडतं; गळती, अर्धवट भरणं, वाटेत थांबवून घेतलेलं. हे लाजिरवाणं नाही, पण मोजलं नाही तर दिवसाला पंधरा टक्के माणसं कागदावरच पाणी पितात.

शीट छापून ठेवा. वीज आणि नेटवर्क नसताना 'ऑनलाईन आहे' या उत्तराचा उपयोग शून्य.

पाणी उतरू लागलं की शेवटचं गणित उलट दिशेचं. महामार्गावर दोन्ही बाजूंनी अडकलेल्या गाड्या एकदम सुटतात आणि अडसर रस्त्यावरून हमालांवर येतो. पन्नास किलोची २०० पोती उतरवायला एका टोळीला किती वेळ लागतो, टोळ्या किती हजर आहेत, यावर गाड्यांचा क्रम लावा: पावडर, भुकटी, डिझेल आधी, सिमेंट मागे. आणि त्याच दिवशी, चिखल वाळायच्या आत, रस्त्यांच्या तक्त्यात प्रत्येक ओळीपुढे दोन आकडे भरा: किती फुटाला बंद झाला आणि किती फुटाला उघडला. हे दोन कधीच सारखे नसतात. खचलेली बाजू, साचलेला गाळ, पुलाची तपासणी यामुळे उघडण्याची पातळी खालीच असते, आणि पुढच्या वेळी 'बंद राहण्याचे दिवस' त्याच आकड्यावरून काढायचे आहेत.